एस-तीन, माप बेचाळीस

तर्झिच, १९ सप्टेंबर २००५

प्रिय नेझा,

ठक्-ठक्, ठक्. ठक्-ठक्, ठक्. दोन घाव जवळजवळ, तिसरा जरा दमानं. शाळेत जाताना आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी हा आवाज यायचा. प्रत्येक घराच्या तळमजल्यावर, खिडकीशी, कुणीतरी मांडीवर दगड घेऊन भिजवलेलं चामडं ठोकत बसलेलं असे. त्या ठेक्यावर मी शाळेतल्या सगळ्या कविता पाठ केल्या. गुरुजी विचारायचे, "गाश्पर, ओळीच्या मध्येच का थांबतोस रे?" मी म्हणायचो, "तिथं हातोडी वर गेलेली असते, गुरुजी." पुढे कारखान्यातल्या यंत्रांनी चाळीस वर्षांत माझे कान खाऊन टाकले, पण तो ठोका अजून येतो. आतून येणाऱ्या आवाजाला कान लागत नाहीत. फोनला मात्र लागतात, म्हणून तुला ही पत्रांची शिक्षा.

चांभारांच्या रविवारी जत्रेला आलीस, मटणाची ब्रझोला दोनदा वाढून घेतलीस, माझी बहीण रोझा असती तर नातीकडे बघून डोळे पुसत बसली असती. आणि जाताना कोपऱ्यात तुझे ते कामावरचे बूट टाकून गेलीस. "मामाआजोबा, होतंय का काही बघा, नाहीतर फेकून द्या." बूट फेकून द्या हे वाक्य आमच्या घरात याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तरीत ऐकायचं राहिलं होतं, तेही ऐकलं. तुझ्या ओठांवरून वाचलं म्हण.

सोबतच्या खोक्यात ते पाठवतोय. सिमेंटनं खालचा सोल असा खाल्ला होता की बोटानं भुगा पडत होता. सगळा सोलून काढला. मधल्या थरात नको ते काय काय भरलं होतं, तेही काढलं आणि माझ्याकडच्या जुन्या साठ्यातलं, ओकच्या सालीत कमावलेलं चामडं घातलं. वर रबराचा सोल, मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी शिलाई. आता घालून उकिडवी बस. पाय वाकेल तसा बूट वाकेल.

अकरा वर्षांचा असताना मी एक कविता केली होती. गुरुजींनी ती फळ्यावर लिहून घेतली होती:

वाकेल तोच जाईल दूर,
ताठ तो राहील उंबऱ्यात.

बुटाबद्दलच होती. बाकीच्या ओळी विसरलो, पण या दोन ओळींवर जन्म काढला.

एक विचारायचं होतं. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला एक कापडी लेबल होतं, आकडे आणि अक्षरांनी भरलेलं. एका बाजूनं उसवलं होतं. मी ते चारही बाजूंनी नीट शिवून टाकलं, बारीक टाक्यात, कारण शिवायचं म्हटलं की मला वाईट शिवता येत नाही. पण ते आहे तरी काय? आमच्या वेळी बुटाला प्रगतिपुस्तक नसायचं. कोणी केला हे माहीत असलं की पुरे.

माप बेचाळीस वाचून हसू आलं. आपल्या मेग्लिच घराण्यातल्या बायका आणि त्यांच्या होड्या.

तुझा,
मामाआजोबा गाश्पर

*

मारिबोर, २५ सप्टेंबर २००५

प्रिय मामाआजोबा,

होड्या पोचल्या. पाण्यात सोडून पाहिल्या, तरंगतात.

खरं सांगू? पहिल्या दिवशी घातले आणि मला वाटलं, मी अनवाणीच आहे. सेंटरिंगवर चढताना बूट आधी वाकतो आणि पाय मागून येतो. साइटवरचे सगळे मला आता "बॅलेवाली" म्हणतात. म्हणू देत. परवापर्यंत "ए सुतारीणबाई, कॉफी टाकता का" असं म्हणत होते, त्यापेक्षा ही बढती आहे.

आता तुमचं प्रगतिपुस्तक. मलाही काही कळत नव्हतं. मला शिकवलं ते रासिमनं. रासिम म्हणजे माझ्या जोडीला फळ्या ठोकणारा मिस्त्री. छप्पन वर्षांचा, बोस्नियातल्या त्साझिनकडचा, माझ्या खांद्याला लागतो पण पाय माझ्याएवढेच. नवीन माणूस साइटवर आला की हा पहिल्यांदा म्हणतो, "जीभ दाखव." माणूस तोंड उघडतो आणि सगळे हसतात. मग तो खाली बसून त्याच्या बुटाची जीभ उलटवतो आणि लेबल वाचतो, नोकरीचं पत्र वाचावं तसं.

तर ऐका. त्यावर करणाऱ्याचं नाव असतं, माप असतं, कुठल्या महिन्यात केला ते असतं. गेल्या वर्षी आपण युरोपीय संघात गेल्यापासून सगळे ज्याची धास्ती घेतात ते "सीई" असतं, म्हणजे युरोपच्या नियमांत बसतो अशी खूण. आणि मुख्य म्हणजे "एस" आणि आकडा. एस म्हणजे पुढे बोटांवर टोपी आहे आणि ती तपासलेली आहे. वीस किलोचं वजन मीटरभरावरून पडलं तरी बोटं चिरडता कामा नयेत. एस-एकला टाच झटका झेलते आणि पायात वीज साठत नाही. एस-दोन म्हणजे त्यात वरून पाणी लवकर शिरत नाही हे आलं. आणि एस-तीन, म्हणजे आपला, त्यात ते सगळं आणि शिवाय खाली दातेरी सोल, आणि तळात खिळा अडवणारा थर. रासिमच्या भाषेत, एखादा चांगला जाडजूड माणूस एका खिळ्यावर उभा राहिला तरी खिळा आत यायचा नाही. आपल्या बुटात तो थर पोलादी पत्र्याचा आहे म्हणे.

पण खरं शहाणपण "ओ" अक्षरात आहे. ओ-दोन, ओ-तीन असेही बूट असतात. दिसायला सख्खे भाऊ. पण ओ म्हणजे पुढे टोपीच नाही. सहा वर्षांपूर्वी रासिमनं बाजारातून तसले घेतले, स्वस्त मिळाले म्हणून. लेबलकडे बघितलंच नाही. लोखंडी खांब निसटला आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली. तो म्हणतो, "बूट खोटं बोलला नव्हता, नेझा. त्यानं जिभेवर लिहिलं होतं. मीच विचारलं नाही."

तेव्हापासून त्याचा कशावर विश्वास असेल तर त्या चार बोटांच्या कापडावर. कुराणानंतर तेच.

पुढच्या आठवड्यात पहिल्या मजल्याचा स्लॅब खुला होणार. मग फळ्या काढायच्या. थंडी पडण्याआधी चौथा मजला ओतायचाय, त्यामुळे धावपळ.

तुम्ही जेवताय ना नीट? शेजारच्या मिंकाबाईंना माझा नमस्कार सांगा. ओरडून सांगा म्हणणार होते, पण बहिरे तुम्ही आहात, त्या नाहीत.

तुमची,
नेझा

*

तर्झिच, २९ सप्टेंबर २००५

प्रिय नेझा,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. लेबलाचं छान समजावलंस. अगदी आमच्या गुरुजींसारखं.

इकडे बिस्त्रित्सा नदीला पाणी वाढलंय. डोंगरावर बर्फाची पहिली पांढरी रेघ दिसली. सकाळी पुलावर उभा राहिलो तर वाटलं, नदी काहीतरी म्हणतेय आणि मला ऐकू येत नाही. लहानपणी तिचं पाठांतर मला येत होतं. आता नुसते ओठ हलताना दिसतात. मिंका म्हणाली, "गाश्पर, थंडीत काय उभा आहेस, घरात जा." मी गेलो.

एक काम होतं. ते बूट मला परत पाठवशील का? आठच दिवसांसाठी. रात्रभर विचार करत होतो, उजव्या टाचेची शिलाई मी जरा घाईत संपवली. दोरा जुना होता. म्हातारपणी नजर दगा देते. उगाच चालताना टाच सुटली तर लोक म्हणतील, तर्झिचच्या चांभाराचं काम बघा. माझी अब्रू आहे, दुसरं काही नाही.

तोवर कंपनीकडून दुसरे माग. किंवा नवे घे, मी पाठवतो.

आणि हे फळ्या काढायचं जे म्हणतेस, त्यात खिळे वर आलेले असतात का? सहज विचारतोय. तू त्या कामावर जातेस की ते दुसरे करतात? दुसऱ्यांना करू दे. तुझा हात ठोकण्यात चांगला आहे.

टपाल खर्च माझा. पोस्टात जाऊन नुसतं खोकं दे.

मामाआजोबा

*

मारिबोर, ५ ऑक्टोबर २००५

प्रिय मामाआजोबा,

तुमचं पत्र वाचून मी हसलेही आणि जरा गहिवरलेही. अख्ख्या स्लोव्हेनियात टाचेच्या एका टाक्यासाठी रात्रभर जागणारा दुसरा माणूस मिळायचा नाही. मला माहिती आहे खरं काय ते. तुम्हाला एकटं वाटतंय आणि हातांना काम हवंय. पुढच्या महिन्यात मृतांच्या दिवशी आजीच्या थडग्यावर दिवा लावायला येणारच आहे, तेव्हा दोन दिवस राहीन आणि घरातले सगळे बूट तुमच्यापुढे ओतीन.

टाचेला काही झालेलं नाही. आणि आता तर काळजीच मिटली. सोमवारी कंपनीनं वर्षाचे नवे बूट वाटले. मला मिळाले, लाकडासारखे कडक, पण नवे. रासिमला मिळाले नाहीत, बेचाळीसची शेवटची जोडी मलाच आली. "पुढच्या खेपेला," म्हणे. त्याच्या जुन्यांचा पुढचा भाग मगरीसारखा उघडला होता. म्हणून तुमचे मी त्याला दिले.

त्यानं काय केलं असेल ओळखा. आधी जीभ उलटवली. एस-तीन वाचलं, सीई वाचलं, महिना वाचला. मग त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मला म्हणाला, "हे कुणी शिवलं?" मी सांगितलं, माझ्या आजीचा भाऊ, खानदानी चांभार. तो म्हणाला, "लेबलसुद्धा ज्यानं इतकं जपून शिवलंय, त्यानं आत काय कमी ठेवलं असेल?" आणि घातले. दुपारी म्हणाला, "नेझा, सहा वर्षांत पहिल्यांदा माझा डावा पाय दुखला नाही. त्या बाबाला माझी दुआ सांग."

सांगितली.

त्याचे रोजे सुरू झालेत. दिवसभर पाण्याचा घोट नाही आणि माणूस माझ्यापेक्षा जास्त फळ्या उचलतो. कालपासून स्लॅबखालचं सेंटरिंग काढायला लागलोय. खिळे असतात हो, उकिरड्यावर कोंबड्या असाव्यात तसे. म्हणून तर एस-तीन.

माझा मोबाईल काँक्रीटमध्ये पडला. इमारतीच्या पोटात कायमचा गेला. कुणी फोन करून उचलला नाही तर समजा, त्याच्यावर आता चौथा मजला चढणार आहे.

तुमची,
नेझा

*

तर्झिच, ७ ऑक्टोबर २००५, शुक्रवार

नेझा,

रासिमच्या पायातले बूट काढून घे. पत्र पुढे वाचण्याआधी काढून घे. तार केली आहे, ती आधी पोचेल. तरी हेही लिहितो.

त्यांच्यात पत्रा नाही. मी काढला.

सोल सोलला तेव्हा तो दिसला. निळसर, पावलाच्या आकाराचा. मी तो हातात घेऊन वाकवून पाहिला आणि मला राग आला. म्हटलं, हे आजकालचे लोक बुटात फावडी घालतात आणि पोरींचे पाय मोडतात. चाळीस वर्षं मी एकच गोष्ट शिकलो आणि शिकवली, की चांगला बूट तो जो पावलाबरोबर वाकतो. कडक तळ हे आमच्याकडे अडाण्याचं काम. हा पत्रा कशासाठी आहे असं मी कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. पुढची टोपी तेवढी राहिली, ती वरच्या चामड्यात घट्ट बसली होती म्हणून. नाहीतर तीही काढली असती. वीज न साठण्याचं जे लिहिलंस, तेही आता त्या तळात असेल असं वाटत नाही. चामडं चांगलं आहे. खिळ्याला ते लोण्यासारखं.

आणि मग मी लेबल शिवलं. चारही बाजूंनी. ते खोटं झालं होतं आणि मी ते अधिक पक्कं केलं.

हे मला तुझ्या पंचवीस तारखेच्या पत्रानं कळलं. म्हणजे एकोणतीसला तुला लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. टाच, दोरा, नजर, सगळी थाप. टाच उत्तम आहे. तू माझ्यावर हसशील असं वाटलं. तसंही नाही. तू हसणार नाहीस, पण आतल्या आत मला जुना झालेला समजशील, असं वाटलं. म्हणून आठवडा गेला. तो तुझा पाय असू शकला असता. आता तो अशा माणसाचा आहे ज्यानं मला दुआ पाठवली.

मिंकाला घेऊन पोस्टात गेलो. तुझा फोन तर गेलाच. तुमच्या कंपनीचा नंबर ना मला ठाऊक ना मिंकाला. खिडकीमागची पोरगी तारेचे शब्द मोजत होती. म्हणाली, "आजोबा, एवढ्यानं कळेल का त्यांना?" मी म्हटलं, "कळेल."

त्या अकराव्या वर्षाच्या दोन ओळींचं काय करावं मला कळत नाही.

गाश्पर

*

मारिबोर, १२ ऑक्टोबर २००५

मामाआजोबा,

तार शुक्रवारी संध्याकाळी पोचली. खिळा गुरुवारी दुपारी गेला होता.

उजवा पाय. फळी उलटी पडली होती, वरून धूळ. चामडं, सुखतळा, पाय, आणि टोक वरून दिसत होतं. तो ओरडला नाही. "बिस्मिल्ला" म्हणाला आणि खाली बसला. मी आणि आणखी एकानं पाय फळीवरून उचलला. इस्पितळात साफ केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हाड वाचलं. पण दोन दिवसांनी सूज आणि ताप आला. अजून तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात पाय राहील. महिना-दीड महिना काम नाही.

मला तुमचा राग आला आहे. पत्रा काढल्याचा नाही. तो तुम्ही प्रेमानं काढलात हे मला कळतं. राग एकोणतीस तारखेच्या पत्राचा आहे. मी त्या पत्रावर हसले. दोघीतिघींना वाचूनही दाखवलं, "बघा आमचे मामाआजोबा."

आणि माझंही लिहून टाकते. साइटवर आम्हाला एक कागद वाचून सही करायला लावली होती. त्यात होतं, बुटात बाहेर काहीही दुरुस्ती किंवा बदल केला की लेबल लागू राहत नाही. मी ते वाचलं होतं. तुम्हाला सगळं समजावलं, तेवढं एक गाळलं, कारण बूट मला आवडले होते आणि ते जमा करावे लागले असते. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत, "नको ते काय काय काढलं." मी वाचलं आणि पुढे गेले. विचारलं नाही. रासिमसारखंच.

पण सगळ्यात वाईट ते नाही. त्याला अजून काहीच ठाऊक नाही. त्याला वाटतंय लेबलच बनावट होतं. काल आमच्यातले तिघं त्याला भेटायला गेलो. आमच्यातला एक नवीन बूट घेणार होता, त्यानं विचारलं, "रासिम, कुठला आकडा बघू?" तो भिंतीकडे बघत म्हणाला, "काही बघू नकोस. स्वस्त मिळेल तो घे. लिहिणारे काहीही लिहितात."

तो हे म्हणाला आणि मला वाटलं, पाय बरा होईल, हे नाही होणार. आणि आता तो जे सांगेल ते बाकीचे ऐकणार, इतकी वर्षं ऐकत आलेत तसे.

तिथेच त्याला खरं सांगायचं होतं. मला जमलं नाही. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. पत्ता खाली दिला आहे, इस्पितळाचा नाही, त्याच्या खोलीचा. शनिवारी त्याला सोडतील.

नेझा

*

तर्झिच, २४ ऑक्टोबर २००५

प्रिय नेझा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले कारण आधी दुसरं लिहायचं होतं. तू उत्तराची वाट बघत असशील किंवा नसशील. मी तक्रार करत नाही.

रासिमला पत्र गेल्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी टाकलं. चार वेळा लिहिलं. पहिल्यात नदी आली. दुसऱ्यात गुरुजी आले. तिसऱ्यात माझे आईवडील आणि त्यांची गरिबी आली. मिंकाला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "गाश्पर, त्या माणसाच्या पायात खिळा गेलाय आणि तू त्याला तुझं बालपण सांगतोयस. अर्ध्या पानात लिही." मग अर्ध्या पानात लिहिलं.

लिहिलं की बुटावरचं लेबल खरं होतं. ज्यांनी बूट केला त्यांनी जे लिहिलं ते आत घातलं होतं. ते काढलं मी, न विचारता, मला जास्त कळतं असं वाटून. लेबल मी खोटं केलं आणि ते खोटं आहे हे कळल्यावर आठ दिवस गप्प बसलो. माझं नाव, माझा पत्ता. कामगार निरीक्षकाला दाखवायचं असेल तर हे पत्र दाखवा, सही केली आहे. तुझं नाव कुठेही घातलं नाही. तुझं तू सांग, सांगायचं तेव्हा.

आणि पत्र्यांची जोडी पाकिटाबरोबर बांधून पाठवली. फेकली नव्हती. आमच्या घरात काही फेकत नाहीत. म्हटलं, त्याला हातानं चाचपून बघू दे की ते होतं. ठोकून बघू दे. त्याचा कागदावरचा विश्वास गेला असेल तर निदान लोखंडावरचा राहील.

उत्तर आलेलं नाही. येईल असंही नाही. तो कुठल्या भाषेत लिहील, लिहील की नाही, मला काय माहीत.

दरम्यान मी एक उद्योग केला. गावातल्या दुकानात जाऊन रोज तासभर बुटांच्या जिभा उलटवतो. दुकानदारीण, झिन्का, आधी संशयानं बघायची. आता म्हणते, "आजोबा, परवा एक जण छपरावर काम करायला बूट मागत होता, कुठला देऊ?" मी चष्मा लावतो आणि वाचून सांगतो. कुणी विचारलं की यातला कडक तळ काढून मऊ करून द्याल का, तर मी म्हणतो नाही. अजून कुणी विचारलेलं नाही. पण म्हणायची तयारी ठेवली आहे. ते म्हणायला मला कठीण जाईल, हे तुला कळेल.

कामाच्या बुटांची दुरुस्ती बंद केली. आता फक्त चर्चला जायचे, लग्नाचे आणि म्हाताऱ्यांचे. लोक म्हणतात गाश्परचा हात गेला. म्हणू देत.

तुझ्या रागाबद्दल. तो ठेव. लवकर सोडू नकोस. माझ्या आयुष्यात लोकांनी माझ्यावर फार कमी राग धरला, चांगला कारागीर म्हणून सगळं माफ व्हायचं. त्यानं माणूस बिघडतो. पण मृतांच्या दिवशी दिवा लावायला ये. रोझाशी तुझं काही वाकडं नाही. माझ्या घरी नाही आलीस तरी चालेल, मी थडग्यापाशी

वाक्य अर्धं टाकून थांबलो होतो. खिडकीतून क्रान्य शहराहून येणारी बस वळताना दिसली आणि तिच्यातून एक माणूस उतरला. उतरायला त्याला फार वेळ लागला. ड्रायव्हरनं हात दिला. ठेंगणा आहे, टोपी घातलेली, डाव्या पायात जुना बूट आणि उजवा पाय पट्ट्यांत, त्याला खाली रबरी चप्पल दोरीनं बांधलेली. फक्त टाचेवर भार देत चालतो. कोपऱ्यावर त्यानं मिंकाला काहीतरी विचारलं, आणि मिंकानं माझ्या दाराकडे बोट केलं.

एकटाच आहे. मारिबोरहून इथवर दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि तोही त्या पायानं. कुंपणाचं फाटक त्यानं उघडलं. आता पायरीवर आहे. मला वाटलं, तोंडावर बोलायला आला असेल, आणि बोलू दे, मी त्याचे ओठ वाचीन, जे काय असेल ते शेवटपर्यंत वाचीन.

माझ्या बहिऱ्या कानांसाठी दाराच्या बेलला जोडलेला दिवा लागला.

मी अजून उठलो नाही आणि तो माझी वाटही बघत नाही. एक हात भिंतीला टेकून खाली वाकलाय आणि आत येण्याआधी डाव्या बुटाची नाडी सोडतोय.

पाहुण्यांच्या सपाता जिन्याखालच्या कपाटात आहेत. सगळ्यात मोठी कुठली ते बघतो. पट्ट्यांसकट पाय आत जायला हवा.